लघवीची नळी घरी आली, की...

वृद्ध रुग्णाला रुग्णालयातून घरी सोडताना औषधांची चिठ्ठी बारकाईने समजावून सांगितली जाते. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, हे दोनदा वदवूनही घेतले जाते. लघवीची नळी मात्र पुष्कळदा 'महिन्याने बदलून घ्या' एवढ्या एका वाक्यानिशी घरी येते. पुढचे तीस दिवस आणि तीस रात्री ती नळी सांभाळायची असते ती सुनेने, मुलाने किंवा स्वतः सत्तरी ओलांडलेल्या पत्नीने.

बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या गावी हा भार अधिकच जाणवतो. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत घरातील कर्ती माणसे सकाळीच शेतात जातात आणि नळी असलेले आजोबा दुपारभर एकटे असतात. रात्री दोन वाजता नळीतून लघवी येणे थांबले, तर चिखलीचे किंवा खामगावचे रुग्णालय आत्ताच गाठावे की उजाडेपर्यंत थांबावे, हा निर्णय घरच्यांनाच करावा लागतो. तो निर्णय आपणांस अचूक करता यावा आणि तशी वेळ शक्यतो येऊच नये, यासाठी हा लेख आहे. आपल्या डॉक्टरांनी रुग्णाची प्रकृती पाहून काही वेगळे सांगितले असेल, तर अर्थातच ते प्रमाण मानावे.

नळी आत टिकते कशी?

आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी नळी 'फोली कॅथेटर' या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९३०च्या दशकात ती प्रचारात आणली. तिच्या टोकाजवळ एक लहानसा फुगा असतो. नळी मूत्राशयात पोहोचल्यावर त्या फुग्यात निर्जंतुक पाणी भरतात. प्रौढांच्या नळीत ते बहुधा १० मिलिलिटर असते. फुगलेला फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी अडकून बसतो आणि नळी निसटत नाही. नळीला दोन तोंडे दिसतात ती यासाठीच: एकातून लघवी वाहते, दुसरे फुग्याचे असते. फुग्याच्या तोंडाला घरी कोणीही हात लावू नये.

मूत्रमार्गात नळी घालण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. लघवीची वाट अडवणाऱ्या 'निरुद्धप्रकश' या विकारात लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्ही बाजूंनी उघडी असलेली नळी तूप लावून घालावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. आजच्या रबरी नळीला मात्र तूप, तेल किंवा व्हॅसलीन लावणे घातक आहे. स्निग्ध पदार्थांनी लॅटेक्स रबर कमकुवत होते आणि फुगा आतच फुटण्याचा धोका संभवतो.

रबरी नळी साधारणतः दोन ते चार आठवडे आणि संपूर्ण सिलिकॉनची नळी बारा आठवड्यांपर्यंत ठेवता येते. आपल्या रुग्णाची नळी कोणत्या प्रकारची, किती क्रमांकाची आणि कोणत्या तारखेला घातलेली आहे, हे घरी सोडतानाच विचारून लिहून घ्यावे. ऐनवेळी दुसऱ्या रुग्णालयात जावे लागले, तर ही चार शब्दांची नोंद मोलाची ठरते.

तीन नियम: बंद, उताराची, मोकळी

नळीची सगळी शुश्रूषा तीन शब्दांत सांगता येते. मूत्राशयापासून पिशवीपर्यंतची वाट बंद असावी, उताराची असावी आणि मोकळी असावी.

बंद म्हणजे नळी आणि पिशवी यांचा जोड विनाकारण उघडू नये. पूर्वी नळीचे टोक उघड्या भांड्यात सोडत आणि चार दिवसांच्या आत जवळजवळ प्रत्येक रुग्णाची लघवी जंतूंनी भरून जाई. कॅल्विन क्यूनिन आणि मॅककॉर्मॅक या डॉक्टरांनी १९६६ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. नळी ते पिशवी ही वाट सलग बंद ठेवल्यास जंतूंचा शिरकाव पुष्कळ लांबतो, असे त्यात दिसून आले. आज वापरात असलेली बंद पिशवी ही त्याच विचाराची देणगी आहे. आंघोळीसाठी किंवा कपडे बदलण्यासाठी आपण जोड सोडला, की तो फायदा हातचा जातो. सदऱ्याची बाही किंवा पायजम्याचा पाय पिशवीसकट ओवून घ्यावा. जोड सोडू नये.

उताराची म्हणजे पिशवी सदैव मूत्राशयाच्या पातळीखाली असावी. पलंगाच्या वरच्या दांड्याला, खुर्चीच्या पाठीला किंवा रुग्णाच्या खांद्याला पिशवी अडकवली, तर साठलेली लघवी उलटी मूत्राशयात जाऊ शकते. गावातून रुग्णालयात नेताना रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवतात आणि पिशवी मागच्याच्या हातात उंच धरलेली असते. एस. टी. मध्ये ती मांडीवर ठेवली जाते. प्रवासाला निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी आणि ती मांडीखाली, पोटरीच्या बाजूला राहील अशी बांधावी. पायाला पट्ट्याने बांधण्याची छोटी पिशवीही औषधांच्या दुकानात मिळते.

घरात रुग्ण बाजेवर झोपत असेल, तर बाज ठेंगणी असल्याने पिशवी जमिनीला टेकते. पिशवीचा तळ आणि तोटी जमिनीला लागू देऊ नये. बाजेच्या कडेला पिशवी आडवी अडकवावी किंवा केवळ तिच्यासाठी वेगळे ठेवलेले स्वच्छ प्लास्टिकचे घमेले खाली ठेवावे.

मोकळी म्हणजे नळीला पीळ, वेढा किंवा दाब नसावा. नळी मांडीच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने अथवा कापडी पट्ट्याने, थोडी ढील ठेवून बांधावी. ती ताणून बांधली, तर कुशीवर वळताना मूत्राशयाच्या तोंडाशी ओढ बसते. पुरुषांत शिश्नाच्या टोकाशी जखमही होते. बांधण्याची जागा एकदा उजवी, एकदा डावी अशी आलटूनपालटून ठेवावी.

रोजची स्वच्छता

पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. साऱ्या स्वच्छतेत याहून महत्त्वाचे दुसरे काही नाही. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी. भरली नसली, तरी आठ तासांतून एकदा अवश्य करावी. तुडुंब भरलेली पिशवी आपल्या वजनाने नळी खाली ओढते. शेतावर जाणाऱ्या घरात निघताना आणि दुपारी एकदा असे दोन वेळचे काम कोणाचे, हे आधीच ठरवून ठेवावे. रिकामी करताना तोटी भांड्याला लागू देऊ नये. ते भांडे त्याच रुग्णासाठी वेगळे असावे. पिशवी किती दिवसांनी बदलायची, हे तिच्या वेष्टनावर दिलेले असते. बहुतेक पिशव्या पाच ते सात दिवसांनी बदलाव्या लागतात.

नळी शरीरात शिरते ती जागा रोज साध्या साबणाने आणि पाण्याने धुवावी. जंतुनाशक द्रव, पावडर किंवा मलम यांची गरज नसते. जंतुनाशकाने त्वचा चुरचुरते आणि संसर्ग काही कमी होत नाही. स्त्रियांत पुढून मागे असे पुसावे. पुरुषांत शिश्नाची पुढची त्वचा मागे घेऊन स्वच्छता करावी आणि नंतर ती त्वचा आठवणीने पुन्हा पुढे आणावी. ती मागेच राहिली, तर सूज येऊन अडकते आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. नळी पुसताना शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसावी.

लघवी थांबली तर

दोन-तीन तासांत पिशवीत काहीच उतरले नाही, तर क्रमाने पुढील गोष्टी पाहाव्यात. नळी कोठे मुडपली आहे का? रुग्ण तिच्यावर झोपला आहे का? पिशवी वर गेली आहे का? पिशवी भरलेली आहे का? शौचाला किती दिवस झालेले नाही? मोठ्या आतड्यात साठलेला कठीण मळ मूत्राशयावर आणि नळीवर दाब देतो, त्यामुळे बद्धकोष्ठता हे लघवी अडण्याचे एक मोठे कारण आहे. नळी सरळ करून आणि कूस बदलून पाहिल्यावर पुष्कळदा प्रवाह सुरू होतो.

इतके करूनही थेंब येत नसेल आणि ओटीपोट फुगले असेल, दुखत असेल किंवा नळीच्या बाजूने लघवी झिरपू लागली असेल, तर नळी चोंदली आहे असे समजून लगेच निघावे. सकाळची वाट पाहू नये. तुंबलेल्या लघवीचा ताण मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो आणि संसर्ग रक्तात उतरू शकतो. वाहनाची सोय नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चोंदलेली नळी बदलणे हे प्रशिक्षित परिचारिका किंवा डॉक्टर यांचे काही मिनिटांचे काम असते. निघण्यापूर्वी जवळच्या आरोग्य केंद्रात दूरध्वनी करून नळी बदलण्याची सोय आत्ता आहे का, हे विचारले तर हेलपाटा वाचतो.

पक्षाघात, मधुमेह किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाला तुंबल्याची वेदना सांगता येतेच असे नाही. अशा वेळी एकाएकी वाढलेली तगमग, कण्हणे, घाम यांवरून ओळखावे. दुखत नसेल आणि उन्हाळा, जुलाब किंवा उलट्या यांमुळे अंगातले पाणीच कमी झाले असेल, तरीही लघवी घटते. जीभ कोरडी आणि पिशवीतील लघवी गडद असेल, तर पाणी द्यावे. पण चार तासांत काहीच उतरले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

एका गोष्टीची विशेष सूचना. झाडावरून किंवा विहिरीत पडून छातीच्या सहाव्या मणक्यापाशी अथवा त्याहून वर मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णात नळी अडली, की रक्तदाब धोकादायक वेगाने चढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागात घाम फुटतो. त्याला ताबडतोब उठवून बसवावे, नळीचा पीळ काढावा, घट्ट कपडे सैल करावेत आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

पुन्हा पुन्हा का चोंदते?

काही रुग्णांची नळी ठरलेल्या तारखेआधीच बंद पडते. बदललेली नळी पाहिली, तर तिच्या तोंडाशी पांढरट, खरखरीत थर दिसतो. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात खारपाणपट्टा असल्याने विहिरीच्या पाण्याला दोष देण्याकडे लोकांचा कल असतो. हा थर मात्र मुख्यतः प्रोटियस जातीच्या जंतूंमुळे बनतो. हे जंतू लघवीतील युरियापासून अमोनिया तयार करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यातील क्षार खडे होऊन नळीवर बसतात. म्हणून केवळ पाणी बदलून हा प्रश्न सुटत नाही.

त्यावर उपयोगी पडते ती एक साधी वही. नळी कोणत्या दिवशी घातली आणि कोणत्या दिवशी चोंदली, हे सलग तीन वेळा लिहावे. समजा, ती दर वेळी अठराव्या ते विसाव्या दिवशी बंद पडते, तर डॉक्टरांना सांगून पंधराव्या-सोळाव्या दिवशीच बदलण्याचे वेळापत्रक ठरवून घ्यावे. मध्यरात्रीचे धावपळीचे काम दिवसाढवळ्या, ठरवून करता येते. वारंवार असे होत असेल, तर मूत्राशयात खडा झाला आहे का, याची तपासणीही करून घ्यावी. सिरिंजने पाणी मारून नळी मोकळी करण्याचा प्रयोग घरी कोणी करू नये. जोराने ढकललेले पाणी जंतूंना आणि गाळाला आत नेते.

बाजूने गळती

अंथरूण ओले होते, पण पिशवीतही लघवी येत असते, असा अनुभव अनेकांना येतो. नळी लहान आहे, मोठी घाला, असा आग्रह आपण धरू नये. मूत्राशय नळीला परके मानून आकुंचन पावते आणि कळ येऊन बाजूने लघवी उसळते, हे गळतीचे नेहमीचे कारण आहे. मोठ्या नळीने आणि मोठ्या फुग्याने ही चिडचिड वाढतेच. आधी बद्धकोष्ठता दूर करावी, नळीची ओढ कमी करावी, चहाचे प्रमाण घटवावे. तरीही त्रास राहिल्यास डॉक्टर औषध देऊ शकतात. मात्र त्यातील काही औषधांनी वृद्धांना तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता आणि भ्रम होतो, हे ध्यानात ठेवून बदल जाणवताच कळवावे.

गढूळ लघवी म्हणजे संसर्ग नव्हे

महिनाभर नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या लघवीत जंतू सापडतात. तपासणीचा अहवाल वाचून घर घाबरते आणि प्रतिजैविकांचा एक कोर्स, मग दुसरा, असे चक्र सुरू होते. रुग्णाला त्रास नसताना केवळ गढूळपणा किंवा वास यांसाठी प्रतिजैविके घेतल्याने जंतू नाहीसे होत नाहीत. ते औषधांना न जुमानणारे बनतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध उपयोगी पडत नाही.

मग संसर्ग कधी समजावा? हुडहुडी भरून ताप आला, कुशीत किंवा ओटीपोटात नव्याने दुखू लागले, रुग्ण एकाएकी असंबद्ध बोलू लागला, अतिशय गळून गेला, अंग थंड पडून श्वास वाढला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर ती बदलून नव्या नळीतून तपासणीचा नमुना घेणे योग्य असते. पिशवीत साठलेली लघवी तपासणीला देऊ नये.

कधी पिशवी आणि नळी चक्क जांभळ्या रंगाची होते. घरचे हादरतात. लॅन्सेट या नियतकालिकात १९७८ साली याचे वर्णन आले होते. बद्धकोष्ठता असलेल्या, विशेषतः वृद्ध स्त्रियांत, जंतूंच्या क्रियेने निळे आणि तांबडे रंगद्रव्य तयार होऊन प्लास्टिकला चढते. रंग स्वतः धोकादायक नसतो. डॉक्टरांना कळवावे, नळी-पिशवी बदलून घ्यावी, पोट साफ राहील असे पाहावे. नळी बदलल्यावर दिवसभर लघवीत गुलाबी झाक चालते. लाल रक्त किंवा गाठी दिसल्या, तर मात्र थांबू नये.

नळी ओढली गेली किंवा निघाली

भ्रमात असलेला रुग्ण नळी ओढतो, तेव्हा त्याचे हात बांधण्याआधी त्याला दुखत तर नाही ना, नळी चोंदली तर नाही ना, हे पाहावे. नळी कपड्याच्या आतून नेली, तर हाताला सहज लागत नाही. फुग्यासकट नळी बाहेर आल्यास रक्तस्राव होतो. स्वच्छ कापड धरून रुग्णालयात न्यावे. निघालेली नळी घरी पुन्हा घालू नये. फुगा रिकामा होत नाही म्हणून नळी कात्रीने कापण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. कापलेला तुकडा आत सरकू शकतो. पोटाच्या भिंतीतून घातलेली नळी निघाली, तर आणखीच त्वरा करावी, कारण ते छिद्र काही तासांतच आकसू लागते.

पाणी आणि संकोच

हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे बंधन नसेल, तर दिवसाला दीड ते दोन लिटर द्रवपदार्थ पोटात जावेत. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याहून थोडे अधिकच. ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, पपई, साधे वरण असा आहार पोट साफ ठेवतो.

पण पाणी कमी पिण्यामागचे कारण पुष्कळदा वेगळेच असते. सुनेला आपली पिशवी रिकामी करावी लागू नये, म्हणून आजोबा तहान मारतात. पाहुणे आले की आजी चादरीखाली पिशवी लपवते आणि नळी मुडपते. हा संकोच बोलून दाखवला जात नाही, म्हणून आपण तो ओळखावा. पिशवीला कापडी खोळ शिवून द्यावी. हात चालत असतील, तर तोटी उघडण्याचे काम रुग्णालाच शिकवावे. जागा धुण्याचे काम मुलाने किंवा नातवाने करावे. सूनबाईंनी सगळे करावे आणि मुलाने फक्त औषधे आणावीत, ही वाटणी रुग्णालाही अवघडवणारी आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मज्जारज्जूला इजा झालेले बहुसंख्य सैनिक लघवीच्या संसर्गाने आणि अंथरुणाच्या जखमांनी दगावत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. मूत्राशयाची शिस्तशीर काळजी आणि वारंवार कूस बदलणे यांवर त्यांनी भर दिला, तसे हे चित्र पालटले. आपल्या घरी चाललेली शुश्रूषा त्याच परंपरेतील आहे. तिला कमी लेखू नये.

नळी अजून हवी आहे का?

दर वेळी नळी बदलताना डॉक्टरांना हा प्रश्न अवश्य विचारावा. पुरःस्थ ग्रंथी वाढल्यामुळे नळी घातली असेल, तर औषधे किंवा शस्त्रक्रिया यांनी ती निघू शकेल का? दिवसातून काही वेळा स्वच्छ नळी घालून लगेच काढण्याची पद्धत जमेल का? पुरुषांत बाहेरून लावायची कंडोम नळी पुरेल का? केवळ अंथरूण ओले होते म्हणून नळी ठेवली असेल, तर डायपर आणि वेळेवर भांडे देणे यांनी भागेल का? नळी आठवडेच्या आठवडे केवळ सवयीने राहिलेली असते, असेही घडते. कोणी विचारले नाही, एवढेच कारण असते.

हा लेख वाचून झाल्यावर एक वही काढावी आणि तिच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहाव्यात: नळीचा प्रकार आणि क्रमांक, घातल्याची तारीख, पुढे बदलण्याची तारीख, रात्री कोणाला बोलवायचे त्याचा दूरध्वनी क्रमांक. ती वही रुग्णाच्या उशाशी, सर्वांना दिसेल अशी ठेवावी.